फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी कागद-पेन घ्या

"दादा, लाइटरूम घेऊ की कॅप्चर वन?"

लग्नसराई तोंडावर आली की हा प्रश्न मला हमखास येतो. परवा साताऱ्याच्या एका मुलाने विचारला. नवी कॅमेरा बॉडी घेतलेली, दोन लग्नांना सेकंड शूटर म्हणून गेलेला, आता पहिली स्वतःची ऑर्डर हातात. मी उलट विचारलं, "मागच्या लग्नाचे फोटो आत्ता आहेत कुठे?" तर म्हणाला, "थोडे लॅपटॉपवर, थोडे भावाच्या हार्ड डिस्कवर. एक कार्ड अजून रिकामं करायचंय."

त्याला म्हटलं, आधी एक कागद घे. तुम्हीही घ्या. यूट्यूबवर 'हे बेस्ट की ते बेस्ट' असे व्हिडिओ बघून मी स्वतः सहा महिने घालवले आहेत. त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की मी काय काढतो, किती काढतो आणि मला कधी द्यायचं असतं.

पायरी १: कार्डापासून गिऱ्हाइकापर्यंतचा रस्ता लिहून काढा

नुकतंच पूर्ण झालेलं एक काम धरा. कार्ड कॅमेऱ्यातून काढल्यापासून फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत काय काय केलं ते ओळीने लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ मांडा. अंदाजाने नको, पुढच्या कामाला घड्याळ लावूनच बसा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे:

हळद आणि लग्न, दोन दिवस, २,६४० रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न झालेल्या फाइल).
कार्ड उतरवणं, दोन कॉप्या: १ तास २० मिनिटं.
निवड: ५ तास.
रंग आणि उजेड: ३ तास.
डाग, केस, मागचा कचरा काढणं, २५ फोटो: २ तास.
एक्स्पोर्ट: ४० मिनिटं.
'तो मामांचा फोटो कुठाय' शोधणं: ४० मिनिटं.

हे पान बघून मी चाट पडलो. सहा महिने मी रंगांची तुलना करत होतो, स्किन टोन कुणाचा चांगला, हिरवा कुणाचा खरा. आणि माझा सगळ्यात जास्त वेळ जात होता निवडण्यात. वर मला रात्री एक वाजता नवरीच्या भावाचा फोन आला होता: "दादा, स्टेटसला ठेवायला दहा फोटो पाठवा ना." ते दहा फोटो काढायला मला दीड तास लागला, कारण सॉफ्टवेअर एकेका रॉचा प्रिव्ह्यू बनवत बसलं होतं. म्हणजे मला रंगाचं नव्हे, निवडीचं सॉफ्टवेअर हवं होतं.

'कार्ड उतरवणं' या ओळीचं औषध तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ माझ्या कॅमेऱ्यात साधारण २८ एमबीचा, म्हणजे २,६४० फोटोंचे ७४ जीबी. माझा कार्ड रीडर जुना, यूएसबी २ चा. सेकंदाला जेमतेम ३० एमबी. एका कॉपीला चाळीस मिनिटं. यूएसबी ३ चा साधा रीडर घेतला आणि तेच काम पाव तासात व्हायला लागलं. कागद मांडला नसता तर यासाठीही मी नवा लॅपटॉप घेतला असता.

पायरी २: निवडणं, शिजवणं, वाढणं

एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणून जे काही विकलं जातं त्यात तीन निरनिराळ्या जाती आहेत. मेथीची जुडी आणल्यावर ती निवडायची, शिजवायची आणि मग ताटात वाढायची, तसं.

निवडणारी: फोटो मेकॅनिक, फास्टस्टोन, एक्सएनव्ह्यू. ही भराभर चालतात, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानेच बनवलेली एक जेपेग असते, मागच्या स्क्रीनवर आपण बघतो तीच. निवडणारं सॉफ्टवेअर ती तेवढी काढून दाखवतं. रॉ उलगडायच्या भानगडीत पडत नाही. एक ध्यानात ठेवा, सोनीच्या बऱ्याच जुन्या बॉडींमध्ये ही आतली जेपेग १६१६ बाय १०८० एवढीच असते. तिच्यावर डोळ्यावरचा फोकस तपासता येत नाही. अशा बॉडीवाल्यांनी रॉसोबत जेपेगही काढावी.

शिजवणारी: लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, डार्कटेबल, रॉथेरपी. ही रॉ उलगडतात. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. म्हणून मांडवातला काळवंडलेला चेहरा रॉमधून वर येतो आणि जेपेगमधून पट्टे पडून येतो. या जातीची दुसरी खूण म्हणजे मूळ फाइलला ती हात लावत नाहीत. तुम्ही काय केलं त्याची फक्त नोंद ठेवतात.

वाढणारी, म्हणजे पिक्सेल आणि लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांवर) काम करणारी: फोटोशॉप, अफिनिटी, गिम्प, ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. कुणाच्या डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब काढणं, दोन फोटो जोडून सगळ्यांचे डोळे उघडे करणं, अल्बमचं शीट लावणं ही यांची कामं.

नवशिके सहसा तिसऱ्या जातीपासून सुरुवात करतात, कारण 'फोटोशॉप' हे नाव घरात आजीलाही ठाऊक असतं. मग चारशे फोटो एकेक करून फोटोशॉपमध्ये उघडतात. तसं करू नका. तुमच्या कागदावर ज्या जातीच्या कामाला जास्त वेळ लागतोय, त्या जातीसाठी आधी पैसे किंवा कष्ट खर्च करा. बाकीच्या दोन फुकटातल्यांवर भागतात.

पायरी ३: कॅटलॉग की फोल्डर?

हा फरक नवीन माणसाला कुणीच सांगत नाही आणि पुढे सगळ्यात महाग तोच पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

काही सॉफ्टवेअरं फोटो 'इम्पोर्ट' करायला लावतात. लाइटरूम क्लासिक त्यातलंच. इम्पोर्ट म्हटलं की वाटतं फोटो त्याच्या आत गेले. जात नाहीत. फोटो हार्ड डिस्कवर जिथल्या तिथे असतात, कॅटलॉगमध्ये फक्त त्यांचा पत्ता आणि तुम्ही केलेल्या बदलांची नोंद. गावच्या तलाठ्याकडे सातबारा असतो, जमीन नसते, तसं. जमीन हलवायची तर आधी तलाठ्याला कळवावं लागतं.

मी कळवलं नाही. २०१६ च्या दिवाळीत घरासोबत हार्ड डिस्कही साफ करायला घेतली. 'नवीन फोल्डर २', 'फायनल', 'फायनल खरं' असली नावं बदलून सालाप्रमाणे, तारखेप्रमाणे नीट फोल्डर लावले. सगळं विंडोजच्या एक्स्प्लोररमधून. संध्याकाळी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर अकरा हजार फोटोंवर 'फाइल सापडत नाही' अशी खूण. फोटो सुरक्षित होते, नोंदीही सुरक्षित होत्या, फक्त दोघांची ताटातूट झाली होती. एकेक फोल्डर नव्याने दाखवत पाडवा त्यातच गेला. चूक सर्वस्वी माझी. फोल्डर हलवायचे असतील, नाव बदलायचं असेल तर ते सॉफ्टवेअरच्या आतूनच करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसरी पद्धत फोल्डरवाली. फोटोलॅब, रॉथेरपी ही सरळ तुमचे फोल्डर दाखवतात. नोंद प्रत्येक फोटोशेजारी एका छोट्या फाइलमध्ये ठेवतात, रॉथेरपीत तिचं शेपूट पीपी३ असतं. फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या कंप्युटरवर नेला की काम सोबत जातं. डार्कटेबल दोन्ही करतं, स्वतःची यादी ठेवतं आणि फोटोशेजारी एक्सएमपी फाइलही लिहितं. कॅप्चर वनमध्ये कॅटलॉगही आहे आणि 'सेशन' नावाची दुसरी पद्धतही. एका कामाचा एक फोल्डर, आत निवडलेले, टाकलेले, आउटपुट अशी घरं. ऑर्डर संपली की अख्खा फोल्डर उचलून डिस्कवर ठेवून द्यायचा.

मग कुणी काय घ्यावं? मुलांचे, सहलींचे, वर्षानुवर्षांचे फोटो एकत्र शोधायचे असतील तर कॅटलॉगला तोड नाही. 'कास पठार' एवढं टाइप केलं की सात वर्षांची फुलं समोर येतात, अर्थात कीवर्ड टाकले असतील तरच. एका ऑर्डरचा पुढच्या ऑर्डरशी संबंध नसेल, काम घरच्या आणि दुकानाच्या अशा दोन मशीनवर होत असेल, तर फोल्डरवालं बरं. आणि दर दोन महिन्यांनी डिस्क आवरायची हौस असेल, तर कॅटलॉगच्या वाटेला जाऊच नका.

पायरी ४: तुमचं काम कुठल्या वळणाचं?

लग्नकार्य. फोटो हजारांत, पण उजेड ठरावीक चार-पाच ठिकाणचा. म्हणून इथे 'एकावर केलं ते दोनशेंवर चिकटव' हे किती सहज होतं ते बघायचं. हळदीचा मांडव हा खरा पेपर असतो. वरून पिवळं कापड, त्यातून उन्हाचा पिवळा उजेड, अंगाला हळद आणि कपडेही पिवळे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा रंगाचा तोल) ऑटोवर टाकलात तर सॉफ्टवेअर सगळा पिवळा काढून टाकतं, हळदच नाहीशी होते, नवरी निळसर दिसते. मी असं करतो: पांढरं बनियन किंवा स्टीलचं ताट दिसतंय असा एक फोटो शोधतो, त्यावर पांढरा ठरवतो, मग थोडा पिवळा मुद्दाम परत सोडतो, आणि तो बदल त्या मांडवातल्या सगळ्या फोटोंवर चिकटवतो. चेहऱ्यांवर वेगळा मास्क, म्हणजे बदल फक्त तेवढ्या भागावर. लाइटरूममध्ये माणसं ओळखून मास्क लावायची सोय आता चांगली झाली आहे, कॅप्चर वनमध्ये स्किन टोन एकसारखा करायचं वेगळं साधनच आहे. स्टेजवरच्या जांभळ्या एलईडीपुढे मात्र दोघंही हात टेकतात. तो चेहरा ब्लॅक अँड व्हाइट करून टाकावा, गिऱ्हाईक 'वा, क्लासिक' म्हणतं.

पक्षी. भिगवणला पहाटे नावेत बसलात, कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतोय, दोन तासांत तीन हजार रोहित पक्षी घेऊन परत येता. त्यातले ठेवण्यासारखे बारा. इथे निवडणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय सुटका नाही. दुसरी गरज नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, घालवण्याची. अपुरा उजेड, लांब लेन्स, आयएसओ ६४००. डीएक्सओचं डीपप्राइम या बाबतीत मला अजूनही उजवं वाटतं. लाइटरूममध्येही २०२३ पासून एआयवालं डिनॉइज आहे, फक्त त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. साध्या लॅपटॉपवर एका फोटोला चहा पिऊन होतो. पण बाराच फोटो असतील तर चहा प्यायला काय हरकत आहे?

बातमीदारी. वारीत रिंगण संपलं की अर्ध्या तासात फोटो कॅप्शनसकट डेस्कवर हवा. रंगबिंग दुय्यम. फोटो मेकॅनिक वृत्तपत्रांतल्या फोटोग्राफरांमध्ये इतकं रुजलंय ते कॅप्शनमुळे. ठिकाण, तारीख, नाव एकदा लिहून दोनशे फोटोंना लावता येतं आणि ते फाइलच्या आतच राहतं. कॅप्शन मराठीत लिहिणार असाल तर एक फोटो पाठवून समोरच्याला विचारा, अक्षरं दिसतात की प्रश्नचिन्हं?

दुकानाचा माल. येवल्याची पैठणी ऑनलाइन विकणाऱ्याला एकच दुखणं, 'फोटोत मोरपंखी होती, आली निळी'. इथे उत्तर सॉफ्टवेअरच्या आधी सुरू होतं. एकच दिवा, एकच जागा आणि पहिल्या फोटोत साडीशेजारी करड्या रंगाचं कार्ड. त्या कार्डावर व्हाइट बॅलन्स ठरवून बाकीच्यांवर चिकटवा. कॅमेरा केबलने कंप्युटरला जोडून मोठ्या स्क्रीनवर बघत काम करायचं असेल तर कॅप्चर वन. ते मुळात स्टुडिओतल्या कामासाठीच वाढलेलं आहे. फोनवरच काढत असाल तर स्नॅपसीड पुरे. फुकट आहे, आणि एका फोटोवर केलेले बदल दुसऱ्यावर लावता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि नुसती हौस असेल तर? तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीनेच फुकट दिलेलं सॉफ्टवेअर आधी वापरा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. जरा मंद आहेत, दिसायलाही यथातथाच, पण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसलेले रंग यांच्यात जसेच्या तसे उतरतात. सहा महिने त्यावर काढा, मग काय कमी पडतंय ते आपोआप कळेल.

पायरी ५: पैशांचा हिशोब पाच वर्षांचा मांडा

अडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉपची नवी आवृत्ती विकत द्यायचं बंद करून ते फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. एकरकमी मिळणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे सहावी आवृत्ती, तिची शेवटची सुधारणा २०१७ मध्ये आली. त्यानंतर निघालेल्या बॉडीचे रॉ ती उघडत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने जुनं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर जपून ठेवलं, बॉडी नवी घेतली आणि पहिल्याच दिवशी अडकला. अशा वेळी अडोबीचंच फुकट मिळणारं डीएनजी कन्व्हर्टर कामाला येतं. नवा रॉ डीएनजीत, म्हणजे अडोबीच्या स्वतःच्या रॉ प्रकारात, बदलायचा, मग जुनं सॉफ्टवेअर तो उघडतं. एक पायरी वाढते, पण चालतं.

म्हणून तुलना करताना महिन्याचं भाडं आणि एकरकमी किंमत शेजारी ठेवून काहीच कळत नाही. भाडं गुणिले साठ महिने एका बाजूला. एकरकमी किंमत अधिक पाच वर्षांत एखादं-दुसरं अपग्रेड दुसऱ्या बाजूला. वर्षाला दहा लग्नं करणाऱ्याला भाडं एका ऑर्डरच्या ॲडव्हान्समध्ये सुटतं, त्याने फार विचार करू नये. वर्षातून दोन सहली करणाऱ्याने जरूर करावा. भाडं थांबवलं तर काय, हेही विचारून ठेवा. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, फक्त डेव्हलप (रंग-उजेड बदलायचा विभाग) आणि मॅप बंद होतात. म्हणजे केलेलं काम अडकून पडत नाही.

फुकटातलं आता कमअस्सल राहिलेलं नाही. डार्कटेबल २०१७ च्या अखेरीस विंडोजवर आलं, तेव्हापासून मी अधूनमधून वापरतो. रॉचं जवळजवळ सगळं काम त्यात होतं. अडचण त्याच्या पसाऱ्याची आहे. एकच गोष्ट करायला पाच मॉड्यूल (साधनं), आणि व्हाइट बॅलन्स तर दोन ठिकाणी. नवा माणूस दोन्हीकडे हात घालतो आणि रंग बिघडवून घेतो. पहिला महिना एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, क्रॉप आणि डिनॉइज, एवढ्याच पाचांवर काढा. बाकीची मॉड्यूल दिसलीच नाहीत असं समजा. लेयरच्या कामासाठी गिम्प आहेच. २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात फिल्टर लावल्यावर नंतर बदलता येतात, आधी येत नव्हते. अफिनिटी आधी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ मध्ये ते कॅनव्हा या डिझाइनच्या कंपनीने घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून कॅनव्हाच्या खात्यावर फुकट केलं. फोटोशॉपचं भाडं परवडत नसेल तर आज मी पहिल्यांदा तेच उघडून बघायला सांगेन.

'क्रॅक टाकून देतो, दोनशे रुपये' म्हणणारा प्रत्येक तालुक्यात एक असतो. त्याच्याबद्दल उपदेश करत नाही. इतकंच सांगतो, क्रॅक चालायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे एकुलते एक फोटो असतात.

पायरी ६: मशीनकडे बघा

८ जीबी रॅम असेल तर दोन जड सॉफ्टवेअरं एकाच वेळी उघडू नका, आणि हजार रुपये हातात असतील तर आधी त्यांचं काय करायचं ते सॉफ्टवेअरवाल्याला नव्हे, कंप्युटरवाल्याला विचारा. कॅटलॉग आणि चालू काम एसएसडीवर, जुनं काम साध्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत तिसरीकडे. अल्बमचं १२ बाय ३६ इंची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचं होतं. सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. लेयर न टाकताच मेमरीत शंभर एमबीच्या वर जातं. त्यात पंधरा फोटो, सावल्या आणि फुलांची पीएनजी टाकली की रॅम का कमी पडते ते कळेल.

पायरी ७: स्वतःच्या फोटोंवर परीक्षा घ्या

कंपनीच्या साइटवरचे नमुने सोडा. स्वतःचे दीडशे फोटो बाजूला काढा आणि त्यात नावडतेच जास्त घ्या: हळदीचा मांडव, जांभळा स्टेज, खिडकीकडे पाठ करून बसलेली आजी, वरातीतला अंधार, डोळे मिटलेला ग्रुप फोटो. हेच दीडशे फोटो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये. निवड, रंग, चिकटवणं, एक्स्पोर्ट, सगळं घड्याळ लावून, आणि पायरी १ च्या कागदाशेजारी नवे आकडे लिहायचे.

दोनाहून जास्त सॉफ्टवेअरं तपासू नका. तिसऱ्याला मेंदू थकलेला असतो. अडोबीची ट्रायल सात दिवसांचीच असते, म्हणून हाताशी वेळ असेल तेव्हाच सुरू करा, ऐन मुहूर्तांच्या आठवड्यात नको. शिवाय पहिल्या दिवसाचं मत धरायचं नाही. पहिल्या दिवशी जे सवयीचं तेच चांगलं वाटतं. चौथ्या दिवशी हात न बघता कुठल्या बटणांवर जातोय ते खरं.

पायरी ८: मराठी अक्षर आणि लॅब

अल्बमवर नावं मराठीतच येणार. म्हणून लेयरचं सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात युनिकोड फाँटमध्ये एवढं टाइप करा: 'चि. ज्ञानेश्वर व चि. सौ. कां. ऐश्वर्या, शुभविवाह, श्री विठ्ठल प्रसन्न'. 'वि'ची वेलांटी 'व'च्या उजव्या बाजूला जाऊन बसली, 'ज्ञ' फुटला किंवा 'र्या'चा रफार हलला, तर ते सॉफ्टवेअर देवनागरीची जोडणी करत नाही. गिम्पमध्ये ती नीट होते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत फुटली तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा आणि नवा टेक्स्ट लेयर घ्या. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी डिझायनर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये अडकलेत.

अल्बम छापणाऱ्या लॅबला पाठवायच्या फाइलचं कलर स्पेस (रंगांचा आवाका) एसआरजीबी ठेवा, लॅबने स्पष्ट वेगळं मागितलं तरच बदला. मी एकदा 'जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं' अशा हिशोबाने अडोबी आरजीबीत अख्खा अल्बम पाठवला. लॅबच्या मशीनने तो एसआरजीबी समजून छापला आणि लालभडक शालू विटेच्या रंगाचा होऊन आला. चाळीस शीटं परत छापली, स्वतःच्या खिशातून. म्हणून आता नवीन लॅबला आधी एकच छोटी प्रिंट पाठवतो.

पायरी ९: सोडून जायचं झालं तर?

आज घेतलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेलच असं नाही. जाताना काय सोबत नेता येतं ते आजच बघा. तारे (फोटोला दिलेलं रेटिंग), कीवर्ड, कॅप्शन हे एक्सएमपीत लिहिलेलं असेल तर बहुतेक सॉफ्टवेअरांना वाचता येतं. लाइटरूम क्लासिकमध्ये हे आपोआप लिहायची सोय आहे, ती कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. रंग-उजेडाचं काम मात्र सोबत जात नाही, कारण प्रत्येकाचं रॉ उलगडायचं गणित निराळं. एकातलं उजेडाचं 'अधिक एक' दुसऱ्यात तसंच दिसत नाही. म्हणून काम संपलं की निवडक फोटोंची पूर्ण आकाराची जेपेग, आणि अगदी मोलाच्या पाच-दहांची टिफ काढून मूळ रॉसोबत ठेवून द्या.

साताऱ्याचा तो मुलगा आठवड्याने कागद घेऊन आला. चारशे फोटोंचा वाढदिवस, निवडीला दीड तास, रंगाला पाऊण तास, आणि कार्ड उतरवायच्या ओळीपुढे नुसतंच 'लय वेळ'. सध्या त्याला फास्टस्टोन आणि डार्कटेबलवर बसवलंय, शीटांसाठी अफिनिटी, पण नावं टाइप करून बघितल्यावरच. मे महिन्यातली तीन लग्नं झाली की परत कागद मांडू, त्यात चिकटवण्याला फार वेळ जातोय असं दिसलं तर लाइटरूमचं भाडं भरायचं असं ठरलंय. कार्ड रीडर मात्र त्याने माझ्याकडून निघाल्यावर वाटेतच घेतला.